आलुबुखारांची पाटी

१४ सप्टेंबर २००८

प्रिय नेजाददादा,

सलाम. तू ग्राझहून पाठवलेले बूट पोचले. इल्डाला एक माप मोठे होतात. पुढे कागद कोंबला की बसतात. हातमोजे आईला आवडले, वहिनीला सांग. रोजे चालू आहेत, आईला यंदा जड जातात. आलुबुखार खूप धरलेत, फांद्यांना टेकू द्यावे लागले. बाबांनी अजून एकही उतरवलेला नाही. खाली पडून कुजताहेत, गांधीलमाश्या झाल्यात.

फोनवर आईनं तुला "शेजारी जरा वाईट झालं" एवढंच सांगितलं. तेव्हा मी तिच्या बाजूलाच बसले होते. उरलेलं मी लिहिते.

रुकियाचा माहिर गेला. सहा वर्षांचा होता. ओढ्यापलीकडच्या बीचच्या झाडांच्या रानात लढाईच्या वेळचा सुरुंग होता, त्यावर पाय पडला. ती जागा सुरुंग शोधणाऱ्या आमच्या खात्याच्या नकाशावर आहे. रेघ मी काढली, पाटी आमच्या तुकडीनं लावली. लाल पाटी, वर पांढरी कवटी, माणसाच्या छातीच्या उंचीवर. ती पडलेली नव्हती, पानांत झाकलेली नव्हती. मी स्वतः जाऊन पाहिलं.

मग पोरगं आत गेलंच कसं, असं तू विचारशील.

बालवाडीत मुलांना सुरुंगांबद्दल शिकवायला मीच जाते. चूल भाजते हे मूल एकदा हात लावून शिकतं. कुत्रं चावतं हेही तसंच. सुरुंगाचं तसं नाही, तो करून बघायचा नसतो. कुणीतरी सांगायचं आणि मुलानं मानायचं, दुसरा रस्ता नाही. म्हणून मी दर वेळी तेच वाक्य त्याच आवाजात सांगते: लाल पाटी दिसली की थांबायचं, आल्या पावली मागं फिरायचं. माहिर पुढेच बसायचा. त्याला पाठ होतं.

आता दुसरी पाटी. ती तुला माहीत नाही.

गेल्या वर्षी आपल्या बागेतली फळं चोरीला गेली, तेव्हा बाबांनी पत्र्याचा एक तुकडा ट्रॅक्टरच्या उरलेल्या लाल रंगानं रंगवला, वर कवटी काढली आणि कुंपणाला ठोकला. चोरी थांबली. गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. माहिरचा बाप सईद आपल्याकडे अंगणात कॉफी पिता पिता म्हणाला होता, "काका, तुमच्या कवटीला दात फार. सरकारी कवटी उपाशी दिसते, ही जेवून आलेली वाटते." सगळे हसले. मीही हसले. नंतर बाबांना म्हटलं, काढा ती. ते म्हणाले, "तुझ्या साहेबांना सांग, त्यांच्या सगळ्या पाट्यांपेक्षा माझी एकटी जास्त काम करते." पुन्हा एकदा म्हटलं आणि मग सोडून दिलं. बाबा रोज त्या पाटीशेजारून आत जात. इल्डा खांद्यावर बसलेली असायची.

त्या दिवशी माहिरची मोठी बहीण अमेला त्याच्याबरोबर होती. अळंबी शोधत होती दोघं. पाटी दिसल्यावर ती थांबली. तो म्हणाला, "अगं, ही खोटी असते. आत आलुबुखार असतात. इल्डानं सांगितलंय मला."

दादा, तुझी मुलगी खोटं बोलली नव्हती. पाच वर्षांच्या पोरीनं जे रोज पाहिलं तेच तिनं मित्राला सांगितलं. आम्हा सगळ्यांत तिचंच बोलणं खरं होतं.

सईदनं आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. जनाज्यात त्यानं बाबांना खांदासुद्धा देऊ दिला. घरी येऊन बाबांनी पाटी उखडली आणि चुलीत घातली. पत्रा कसला जळतोय? रंग तेवढा उडाला. कवटीच्या रेघा अजून दिसतात.

इल्डाला आई म्हणाली, माहिर मामाकडे तुझ्ला शहरात गेलाय. बाबा म्हणाले, तो आजारी आहे, दवाखान्यात आहे. दोघांनी आधी एकमेकांना विचारलं नव्हतं. पोरीनं दोन्ही ऐकून घेतलं आणि माझ्याकडे आली.

"आत्या, आजी एक सांगते, आजोबा भलतंच. तू नेहमी बरोबर सांगतेस. तू सांग."

मी सांगितलं. माहिर मेला. लाल पाटीच्या आत गेला म्हणून मेला. आता तो येणार नाही. बालवाडीत सांगते त्याच आवाजात सांगितलं. मला दुसरा आवाज येत नाही.

ती गुपित कळल्यासारखी थोडी हसली.

"मी आत जाऊ नये म्हणून सांगतेस ना? आजोबांच्या पाटीसारखं?"

दुसऱ्या दिवशी मी तिला कबरीपाशी नेलं. ओली माती, डोक्याशी नावाची लाकडी फळी. तिनं फळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही कुणी रंगवली?"

काल दुपारी ती तू पाठवलेले बूट घालून ओढ्यापर्यंत गेली होती. पुढे कागद तिचा तिनंच कोंबला होता. रुकियानं तिला पाहिलं, धावत जाऊन उचललं, आमच्या दारात आणून ठेवलं आणि परत गेली. मी इल्डाला विचारलं, कुठं निघाली होतीस? "माहिरकडे. तो तिथंच असणार. एकटाच सगळे आलुबुखार खात असेल."

आता फाटकाला कुलूप आहे, बूट माझ्या कपाटात आहेत. आणि ते रान साफ करायचं काम कुठल्याच वर्षाच्या आराखड्यात नाही. मी पाहिलं आहे.

तुम्ही दोघं पोर आमच्या भरवशावर ठेवून गेलात. ये आणि तिला घेऊन जा. तू समजावलंस तर ती मानेल असं मी म्हणत नाही. मागच्या ईदला येतो म्हणाला होतास आणि आला नाहीस, ते तिच्या लक्षात आहे.

तू येणार आहेस हे मी तिला सांगणार नाही. आई-बाबांनाही सांगू देणार नाही. तू नुसता दारात येऊन उभा राहा. तिचं तिला दिसू दे.

तुझी बहीण,
अल्दिना