नावेतल्या फोटोतला हात

रविवार, १४ डिसेंबर, संध्याकाळ

आज धरणावर नावेत उंद्री गावच्या जोडप्याचं लग्नाआधीचं प्री-वेडिंग फोटोशूट होतं, कॅमेरा माझ्याकडं. नारिंगी लाइफ जॅकेटं फोटोत दिसतात, म्हणून मीच दोघांना काढून ठेवायला लावली. काऊन लावली? नाव वल्हवणारे काका म्हणतच होते, “जाकीट राहू दे ना बापू. पाणी काय सांगून येते काय?”

वरून लग्नाच्या स्टेजवरची माझी सवय. “जवळ सरका, अजून थोडं सरका.” दोघंही एकाच कडेला सरकले अन् नाव कलली. नवरी मागं झुकली. काकांनी वल्हं टाकून तिचा दंड धरला. मी काय केलं? माझं बोट बटणावरच होतं.

फोटो निघाला. उडणारी ओढणी, भीतीनं उघडलेलं तोंड हसल्यासारखं दिसते. अन् दंडावर काकांचा तो काळा, सुरकुतलेला हात.

आत्ता नवरदेवाचा फोन आला. “भाऊ, हा फोटो लय भारी! फक्त मागचा तो हात उडवून द्या.”

“हाव, उडवतो,” म्हणून बसलो. कॉम्प्युटरवर हात पुसला, अन् फोटोतली नवरी तोल जाऊन सरळ पाण्यात चालली.

घाईघाईनं हात परत आणला.