सात नंबरच्या झाडाविषयी

दवनीवाडा,
१२ डिसेंबर १९४६

प्रिय केशव,

तुझा अहवाल मिळाला, आणि त्यासोबत आणखी चौदा कोरे तक्ते. खुशाली विचारणारी एक ओळ मात्र नाही. खोडकिड्याची तब्येत तू दर आठवड्याला विचारतोस, तेव्हा आईचीही ठीक असेल असे धरून चालला असशील. ठीक आहे. गुडघा सोडून.

आधी धानाचे. तीन बांध्या, शेताचे तीन सारखे तुकडे, तू आखून दिल्यास. दोहोंत औषधाची पूड, तिसरीत काही नाही, म्हणजे फरक कळेल. जिवतीच्या अमावस्येला इकडे प्रत्येक जण आपल्या बांधीत भिलाव्याच्या डहाळ्या खोवतो. या तीन ठिकाणी ते होऊ द्यायचे नाही असे तू मला दोनदा बजावलेस, मी आपल्या गड्याला, कवडूला, चारदा. दर रविवारी तो चिखलात उतरून किडीने वाळलेले पोंगे मोजायचा आणि मी बांधावर बसून आकडे लिहायची. तिसऱ्या बांधीत वाळलेले पोंगे सगळ्यांत कमी! मी चष्मा पुसला, त्याला पुन्हा मोजायला लावले. तेवढेच.

कापणीच्या आधी एका बुधवारी मी न सांगता गेले. तिसऱ्या बांधीत अकरा डहाळ्या उभ्या, आणि त्यांवर कोतवाल पक्षी बसून खोडकिड्याचे पतंग टिपताहेत. हा गृहस्थ शनिवारी डहाळ्या उपटायचा आणि सोमवारी परत खोवायचा. विचारले तर म्हणे, "बाई, त्या दोघीइले दवाई भेटते. इचं कोनी नाही. इले काऊन मारून राहिले?" बावीस वर्षे आपल्याकडे असलेला माणूस, आणि त्याला प्रयोग म्हणजे सावत्रपणा वाटतो. मी त्याच दिवशी त्याला कामावरून काढले. त्याची बायको रुख्मा तेव्हापासून विहिरीवर मला पाहिले की घागर आपटते.

तेव्हा तिसरी बांधी अहवालातून काढ. एवढ्यावर पत्र संपले असते तर मला फार बरे वाटले असते.

आता संत्री. बारा झाडे, चिठ्ठ्या टाकून सहांना खत, सहांना नाही. बिनखताच्या सात नंबरच्या झाडाचा दाखला देऊन तू लिहिले आहेस की आपल्या धानाच्या मुलखात संत्र्याला खताची फारशी गरज नाही. पंचवीस तारखेला नागपूरला तू हे मोठमोठ्या लोकांपुढे वाचणार. शेजारच्या उदारामजींना ते आधीच कळले आहे, कारण तू त्यांना कार्ड टाकलेस. ते तीनशे कलमे बिनखताची लावायला निघाले आहेत. खड्डे खणून झाले.

कवडू गेला तेव्हा फाटकाशी थांबून हसत म्हणाला, "मी डहाळ्या खोवल्या, कबूल. पन तुमी दर गुरुवारी दुपारी सात नंबरले बादलीभर काय टाकता, ते मी कोनाले सांगतलो का?" गोठ्यातले शेणपाणी, केशव. चार वर्षे. तीस वर्षांपूर्वी कॉलेजात मी एकटी मुलगी असताना ज्या हातांनी स्वच्छ आकडे लिहायला शिकले, त्याच हातांनी. कानपूरला शिकायला निघालास त्या सकाळी ते झाड तू लावले होतेस, वाकडे. त्याच्याच नावाने बिनखताची चिठ्ठी निघाली. बाकीची पाच उपाशी राहिली तरी माझे जेवण अडले नाही.

कवडूला काल परत बोलावले आहे. उदारामजींकडे उद्या मी स्वतः जाईन आणि काय ते ऐकून घेईन. नागपूरला चूक कोणाची हे सांगताना कवडूच्या आधी माझे नाव घे. सातव्या झाडाच्या आकड्यांवर रेघ मात्र तूच ओढ, माझ्याने ओढवत नाही. झाडाला यंदा प्रथमच आठ संत्री लागली आहेत. ती मी टपालाने पाठवणार नाही.

तुझीच,
आई