देवराईतली साल

बाबा,

आईला घेऊन इस्पितळात जातेय. केमोआधी आज तिच्या हृदयाची तपासणी आहे. पेज चुलीवर आहे, ती जेवा. तांदळाच्या डब्यामागची काढ्याची बाटली मी नेलीय, शोधत बसू नका.

केमोने हृदय कमजोर होऊ नये म्हणून तुम्ही तिला गुपचूप अर्जुनाच्या सालीचा काढा पाजता, हे तिने काल सांगितलं. मला खरं वाटेना. आपल्या गावात अर्जुन फक्त देवराईत, आणि तिथलं गळलेलं पानसुद्धा तुम्ही घरात आणू देत नाही. कुणीतरी भलतीच साल तुमच्या गळ्यात मारली असणार, म्हणून सकाळी देवराईत जाऊन बघितलं. अर्जुन ताजा सोललेला आहे. बुंध्याशी देवराईच्या राखणदार देवाला रोटाचा नैवेद्य ठेवलाय, आणि तुम्ही ओढता तीच विडी.

म्हणजे राखणदाराला गाऱ्हाणं घालून विचारलंत. मग डॉक्टरांपासून का लपवलंत? ते नको म्हणतील, ही भीती होती ना? आणखी काय काय घातलंय त्यात?

दुपारच्या बसने या. बाटली मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवीन, पण स्वतः तोंड उघडणार नाही. डॉक्टरांपुढे गाऱ्हाणं तुम्हीच घाला.

सेजल