एक गाठ, दोन गाठी

अप्पा, आज दुपारी दुकानात एक मोटर आली. थ्री फेजची, पाटी नसलेली. पाटीच्या जागी नुसती चार भोकं, आणि वरून हिरव्या रंगाचे एवढे थर की किती एचपीची, किती स्पीडची, काही कळायची सोय नाही. सास्तूरकडच्या एका बाईनं टेम्पोत घालून आणली. तिची पिठाची गिरणी आहे. पट्टा बदलायला आलेल्या कुणा शहाण्यानं मोटरीच्या सहाही तारा सोडल्या, खूण एकीवरही केली नाही, आणि मग डोकं खाजवत निघून गेला. "ताई, उलटी जोडली तर जळंल म्हणत्यात. हिच्यावरच घर हाय बगा माझं," बाई म्हणाली. सकाळपासून एकटी वाकून माझी कंबर धरली होती. खरं तर उद्या या म्हणायचं जिभेवर आलं होतं. पण ती मोटरीला हात लावून उभी होती, म्हटलं, बसा.

तुम्ही शिकवलेल्या क्रमानंच केलं. आधी हातानं शाफ्ट फिरवून बघितला, बेअरिंग कुरकुरत नव्हतं. शाफ्टची जाडी मापली, अंगलोट बघितली, पाच एचपीची असणार. मग सिरीजच्या दिव्यानं सहा तारांच्या तीन जोड्या शोधल्या, बॉडीत करंट उतरत नाही ना तेही मेगर लावून बघितलं. जोड्या सापडणं सोपं हो. प्रत्येक जोडीतलं सुरुवातीचं टोक कुठलं आणि शेवटचं कुठलं, खरी मेख तिथं. एक जरी जोडी उलटी लागली तर मोटर गुरगुरते, तापते आणि वेळेत बंद केली नाही तर जळून जाते. म्हणून फडक्यानं तारा पुसायला घेतल्या आणि माझा हात थांबला. तारांवर सुती पट्टीच्या गाठी होत्या, वार्निशनं कडक झालेल्या. सुरुवातीच्या टोकाला एक, शेवटच्या टोकाला दोन. असल्या गाठी अख्ख्या मुरुम गावात आपल्याच दुकानात मारायचे.

"सासऱ्यांनी हितंच नवी कॉइल भरून नेली होती म्हणं," बाई म्हणाली. "तवापासून कुणी उघडली न्हाय."

तिचा सासरा तुम्हाला आठवत असेल. मला तर त्याच्या कानातली भिकबाळीसुद्धा आठवते. दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणतोय, "पोरीच्या हातनं मोटर भरून घ्यायलास व्हय? मग चालली म्हणायची!" मला तेव्हा कॉलेज सोडून तुमच्या शेजारी बसायला लागून सहा महिने झालेले. आईचं रोज एकच, पोरीला वार्निशच्या वासात कशाला बसवता, चुलीपाशी पाठवा. तुम्ही हसता आणि त्याला सांगता, "गाठी तिनं मारल्यात. मी डोळं झाकून जोडतो." जोडता. स्विच दाबता. मोटर जागच्या जागी गुरगुरते आणि फ्यूज उडतो.

तो सासरा असा काही हसला म्हणता! तुम्ही वाकलात, एक तार डोळ्यांजवळ नेली, अंगठ्यानं गाठ चाचपलीत. पण इतकी वर्षं तारेनं चिरून चिरून तुमचा अंगठा खडबडीत झालेला, त्याला काय कळणार? तार माझ्यापुढं धरून विचारलंत, "बघ गं बाई, एक हाय का दोन?"

मी म्हटलं, "दोन."

"अय्यो, दोनाला एक समजून जोडलं की म्या," तुम्ही म्हणालात. मग पायरीकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पोरीची चूक न्हाय हो. माझंच डोळं गेलंत." ती जोडी फिरवलीत, मोटर सुरळीत चालली, गिरणीवाला घेऊन गेला. तुम्ही चष्मा केलात. डॉक्टर म्हणाला, नंबर किरकोळ आहे. तरी त्यानंतर एकही मोटर तुम्ही स्वतः भरली नाहीत. कॉइल गुंडाळायचं मशीन माझ्यापुढं सरकवलंत आणि म्हणालात, "आता तूच. माझ्या हातनं कुणाची तरी जळंल." शेवटपर्यंत त्या स्टुलावर बसून इन्सुलेशनचा कागद कापत राहिलात, आणि तोही प्रत्येक वेळी मला दाखवून. "बरोबर हाय का गं?" मी चिडायचे. किती वेळा विचारता म्हणायचे. लाज वाटते आता. लोक म्हणायचे, लेकीच्या हाती धंदा देणारा बाप, लई नशीबवान पोरगी.

आज बाईसमोर मी एका जोडीला सेल टेकवला आणि दुसऱ्या जोड्यांना मीटर लावलं. गाठी बरोबर असत्या तर दोन्हीकडं काटा एकाच बाजूला उडाला असता. एकीचा डावीकडं उडाला, एकीचा उजवीकडं. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच. मग ती उलटी निघालेली जोडी गाठींवर न जाता काट्याप्रमाणं फिरवली, मोटर जोडून चालवली. एक कुरकुर नाही. बाईनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "कुणी भरली होती हो ही? लई टिकली." मी म्हटलं, माझ्या वडलांनी. खोटंच की तेही. टेम्पोत चढवून द्यायच्या आधी त्या जोडीच्या जुन्या गाठी कापून मी नव्या मारल्या. यावेळी बरोबर.

हे लिहितेय तो कागद इन्सुलेशनचाच आहे, तुमच्या कात्रीनं कापलेल्यातला एक उरला होता. कुठं पाठवणार? ड्रॉवरमध्ये ठेवते. बाई गेल्यावर कितीतरी वेळ तुमच्या स्टुलावर बसले होते. मनाला समजावत होते की तेव्हा घाईत होते, भेदरले होते, मला नीट दिसलं नसेल. इतकी वर्षं हेच समजावत आलेय, आता दमले. तुमचे डोळे शाबूत होते, अप्पा. गाठ एकच होती. मला तेव्हाही एकच दिसली होती.