तुझ्या नावाची बंदूक

आई, आज दसरा. खुंटीवरची ठासणीची बंदूक उतरवली आणि तुला लिहायला बसले.

बाबा मीठ उचलायला गेले आणि तुरुंगात बसले, तेव्हा त्यांचा परवाना गेला नि बंदूक जमा झाली. सरकारला खादीवाल्याच्या घरात एकही नको, खोताच्या ओटीवर मात्र दोन टांगलेल्या. त्या वर्षी रानडुकरांनी आपलं उभं भात लोळवलं. मग तू मला बोटाला धरून कचेरीत गेलीस. मामलेदार हसले, "बाईमाणसाला बंदूक कशाला?" तू पदर सावरून म्हणालीस, "साहेब, डुकरं काय बाप्याची वाट बघत थांबत नायत." किती खेपा घातल्यास, तेव्हा कुठे परवाना तुझ्या नावावर झाला. पण त्यांनी बजावलं, नवऱ्याचा हात लागला तर परवाना जाईल आणि नवराही पुन्हा आत जाईल.

बाबा सुटून आले नि माझा जीव टांगणीला लागला. त्यांची अहिंसा माणसांपुरती होती, डुकरांचा हिशोब वेगळा. जेवतानाही नजर खुंटीकडे जायची. दसऱ्याला शस्त्र पाटावर मांडायचं ते घरच्या पुरुषानेच, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्या दसऱ्याला अंघोळ करून आले आणि सवयीने त्यांनी ती उतरवली. तेवढ्यात पोलीसपाटील आपट्याची पानं घेऊन पायरी चढतोय. "वयनी, सोनं घ्या," म्हणतो, आणि त्याची नजर बाबांच्या हातावर थांबते.

"ठेवा ती खाली. माझी हाय ती," तू म्हणालीस. परक्यासमोर तू त्यांना असं कधीच बोलली नव्हतीस. बाबांचे कान लाल झाले. त्यांनी ती पाटावर ठेवली आणि तू पुढे होऊन कुंकू लावलंस. पाटलाने एकदा कुंकवाकडे पाहिलं. "वयनींची, तर वयनीच पुजतील," म्हणून सोनं देऊन गेला. मग तू चुलीपुढे बसलीस ती उठलीच नाहीस. "चारचौघांत बोलले गो मी त्यांना," एवढंच म्हणत राहिलीस. बाबा आत आले, तुझ्या ओंजळीत आपट्याचं पान ठेवलं आणि शेताकडे गेले.

ते सरकार गेलं, खोतीही गेली. बंदूक आता माझ्या नावावर आहे, उतरवतेही मीच. सून हसते, सणाच्या दिवशी दार कसलं लावता म्हणते. हे तुला पोचणार नाही म्हणूनच सांगते, आई. आजही मी आधी कडी घालते, आणि मगच खुंटीकडे हात नेते.