नवव्या वहीतली सात पाकिटं

३ जून
लायब्ररीत आजपासून शांतिलाल शेठांच्या वह्या. खंडेराव मार्केटजवळचे अत्तरवाले. वारले, तेव्हा मुलीने, हंसाबेननी, सगळं आमच्याकडे दिलं. चौदा चिकटवह्या: बाटल्यांची लेबलं, लग्नपत्रिका, गाडीची तिकिटं, गुजरात वेगळं झालं त्या दिवसाचं वर्तमानपत्र. यादी मी करायची. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "शांतिकाका? माझ्या बाबांकडे रोज चहाला यायचे."

६ जून
नवव्या वहीच्या पुठ्ठ्याला खिसा. आत इंदूरहून आलेली सात पाकिटं, शेठांच्या नावावर. प्रत्येकात आणखी एक, बंद: "चि. विजूस. कमल."
विजू म्हणजे माझी आई. कमलमावशी परजातीत लग्न करून गेली, पुन्हा साधी चिठ्ठीसुद्धा नाही, हे ऐकतच मी मोठी झाले. नुसतं नाव निघालं तरी आई उठून आत जाते.
खिशावर शेठांनी गुजरातीत लिहिलंय: साहेबांना शब्द दिलाय म्हणून देत नाही. फाडवतही नाहीत.
साहेब म्हणजे माझे आजोबा.

७ जून
यादीत काही लिहिलं नाही. आईशी धड बोललेही नाही. भाजी करपली.

१० जून
हंसाबेनना बोलावलं. पाकिटं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "आ तो बहु खोटुं थयुं." मग माझ्यासाठी मराठीत, "फार चुकीचं झालं हे. पप्पांचं नाव खराब होईल. यादीत नका लिहू ना."
"माझ्या आजोबांचंही होईल की."
जाताना म्हणाल्या, "विजूमासीची आहेत. त्यांना द्या, मी लिहून देते. यादीचं तुम्ही बघा."
मी काय बघणार?

११ जून
आईने अक्षर ओळखलं. हात लावेना. "तू वाच."
पहिलं वाचलं. 'विजू, रागावलीस का? एक ओळ तरी पाठव.' तिने थांबवलं. म्हणाली, "रोज यायचे गं शांतिकाका. मीच चहा न्यायची त्यांना. तोंडभर हसायचे."

१३ जून
सातही वाचून झाली. शेवटच्यात नवा पत्ता, आणि 'आता नाही लिहिणार.'
आज आजोबांच्या फोटोला हार नाही.

१५ जून
आईने पोस्टकार्ड मागितलं. लिहिलं, मला दाखवलं नाही. स्वतः गोत्रीच्या पोस्टात टाकून आली.
"इतक्या वर्षांनी तिथे कोण असेल, आई?"
"नसेना का. माझं उत्तर गेलं नाही, असं नको व्हायला."

२६ जून
काही आलेलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं की आई दाराशी. मलाही ऑफिसात बसवत नाही. लायब्ररीचे ग्रंथपाल यादी मागतायत, नववी वही तेवढी राहिलीय. आज विचारलंच, "पत्रांचं लिहू का यादीत? सगळ्यांच्या नावांसकट?"
"थांब," आई म्हणाली. "आधी कमलताईला विचारू दे."