गरम प्लग

लासुर्णे
१० जानेवारी १९९४

ती. दादास,
दिशाचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत, माझी लूना मात्र खुशाल नाही. चढ आला की इंजिनात डब्यात खडे हलवावेत तशी खडखड होते, मग गाडीचा दम तुटतो आणि मी ढकलत निघते. या महिन्यात इंदापूरच्या बालवाडीत दोनदा उशीर झाला. मोठ्या बाई, विजयमालाबाई, यांनी बजावलंय की पुन्हा असं झालं तर जूनपासून दुसरी शिक्षिका बघतील. दादा, ही नोकरी मला हवी आहे रे.

सासूबाईंचंही काहीतरी बिनसलंय. मागे डोळे दाखवायला त्यांना गाडीवर नेलं, तर वाटेत पेट्रोल संपलं. दोघींनी उन्हात ढकलत पंप गाठला. तेव्हापासून त्या फारसं बोलत नाहीत. स्टोव्ह बाजूला ठेवून पुन्हा चुलीवर स्वयंपाक करतात. रुसल्या असाव्यात.

तू बारामतीचा एवढा नावाजलेला मिस्त्री, बहिणीच्या गाडीकडेही जरा बघ.
तुझी,
दिशा

कन्हेरी
१५ जानेवारी

चि. दिशास,
अनेक आशीर्वाद.

नावाजलेला म्हटलंस म्हणून लगेच लिहितोय. त्या खडखडीला आम्ही नॉकिंग म्हणतो. पेट्रोलने प्लगची ठिणगी पडल्यावर पेटायचं असतं. ते आधीच आपलं आपण पेटलं की इंजिन असं ओरडतं. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो, थंड प्लग सोडून देतो. तुझ्या गाडीत कुणीतरी गरम बसवलेला दिसतो. थंड प्लग एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. पेट्रोलही त्र्याण्णव ऑक्टेनचं मिळालं तर ते भर. हा आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल दाब सोसतं, अवेळी भडकत नाही. एवढं करूनही थांबलं नाही, तर टाकीचं झाकण उघडून वास घे.

सासूबाईंसाठी माझ्याकडे प्लग नाही.
तुझा,
रविंद्र

लासुर्णे
२४ जानेवारी

ती. दादास,
सविनय जयभीम.

प्लग बदलला, पेट्रोल तू सांगितलंस ते भरलं. दोन दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. वास घेतला. टाकीत रॉकेल आहे. घरात रॉकेलचा डबा सासूबाईंच्याच ताब्यात असतो. कुणाला काही विचारायचा धीर होत नाही.
दिशा

कन्हेरी
२८ जानेवारी

चि. दिशास,
आशीर्वाद.

आता सगळं उघड झालं. सुनेची नोकरी त्यांच्या डोळ्यांत खुपते, दुसरं काय? रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलच्या पासंगालाही पुरत नाही, इंजिन फुटायचंच. १३ तारखेच्या रविवारी मी येतोय. चार शब्द सुनावल्याशिवाय परतणार नाही. तू मध्ये पडू नकोस.
रविंद्र

लासुर्णे
८ फेब्रुवारी

ती. रागीट दादास,
दिशाचा सविनय जयभीम.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी सासूबाई अंगणात टाकीपाशी डबा घेऊन उभ्या दिसल्या. मी विचारलं, तर त्यांनी लपवलं काहीच नाही. म्हणाल्या, “पंपावरचा मानूस बी पेट्रोलात त्याल वततो की. आपल्या घरात त्याल हाय, मग तुला वाटंत गाडी का ढकलाय लावायची?”

आमच्याकडे रॉकेललाही तेलच म्हणतात. लूनाच्या पेट्रोलात ऑईल मिसळावंच लागतं, आणि त्या दिवशी पंपावर ते घालताना त्यांनी पाहिलं होतं. रेशनचं रॉकेल माझ्या गाडीसाठी राखून त्या दुखऱ्या डोळ्यांनी चूल फुंकत होत्या, आणि मी त्यांना रुसलेल्या समजत होते. मला रडूच आलं.

टाकी रिकामी करून चांगलं पेट्रोल भरलं. आता गाडी चढालाही कुरकुरत नाही. रोज वेळेवर पोचते. विजयमालाबाईंनी जूनचं नक्की केलंय. पंपावरच्या ऑईलची बाटली मी सासूबाईंच्याच हाती दिली आहे. आता त्याच मापाने ओततात.

तू मात्र ठिणगी पडायच्या आधीच पेटलास. रविवारी तू येणार एवढंच मी त्यांना सांगितलंय. कशासाठी, ते सांगितलेलं नाही. कालपासून त्या स्टोव्ह घासून लख्ख करतायत आणि सारख्या विचारतायत, “तुज्या दादाला काय आवडतं गं?”

माया आहे तशीच राहू दे, राग तेवढा कन्हेरीला ठेवून ये.
तुझी,
दिशा